ठिपक्यामागची चिठ्ठी : सहा वर्षं जीबिफ वापरल्यावर

भांडण एका ठिपक्यावरून झालं.

युट्रिक्युलेरिया हा माझा विषय. यातल्या काही जातींना मराठीत सीतेची आसवं म्हणतात. पानांना किंवा पाण्यातल्या धाग्यांना बारीक फुगे असतात आणि त्या फुग्यांत पाण्यातले किडे ओढले जातात. तळ्यात तरंगणाऱ्या दोन जाती, युट्रिक्युलेरिया व्हल्गॅरिस आणि युट्रिक्युलेरिया ऑस्ट्रॅलिस, कुठवर पसरल्या आहेत याचा नकाशा मी आणि माझी एक मैत्रीण जीबिफ या सजीवांच्या नोंदींच्या ऑनलाइन सेवेवरून करत होतो. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. बाकीच्या घोळक्यापासून शेकडो किलोमीटर लांब एकटाच ठिपका. "बघ, व्हल्गॅरिस इथपर्यंत आहे."

"ठिपका इथपर्यंत आहे," मी म्हटलं. "वनस्पतीचं अजून ठरायचंय."

ती चिडली. "मग एवढी सगळी माहिती लोकांनी भरली कशाला?" प्रश्न वाजवी होता. ज्या सेवेनं तो ठिपका दाखवला तिच्याबद्दल नीट लिहावं असं तेव्हाच डोक्यात आलं.

ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी हे तिचं लांबलचक नाव. कामातले लोक जीबिफ म्हणतात, मीही तेच म्हणते. २००१ साली सुरू झाली, सचिवालय कोपनहेगनला, वापरायला पैसे पडत नाहीत. शोधायला खातंही लागत नाही, नोंदी उतरवून घ्यायच्या असतील तरच लागतं. हर्बेरियमच्या शीटपर्यंत पोचायचा रस्ता म्हणून मी हिला पाचपैकी साडेचार देते. आयता नकाशा म्हणून पाचपैकी दोन. या दोन आकड्यांची सरासरी मात्र काढू नका, सव्वातीनची गोष्ट ही नाहीच.

हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. दाबून वाळवलेली वनस्पती साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात किंवा दोऱ्यानं टाचतात, आणि कोपऱ्यात लेबल लावतात: वनस्पतीचं नाव, ती गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा स्वतःचा फील्ड नंबर, तारीख, ठिकाण. पुढे कोणा जाणकारानं नाव बदललं तरी जुनं लेबल काढत नाहीत, शेजारी 'डेट.' (म्हणजे 'नाव ठरवलं') लिहिलेली नवी चिठ्ठी डकवतात. त्यामुळे जुन्या शीटवर दीडशे वर्षांची वादावादी एका कागदावर वाचायला मिळते. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी यांनी ही पद्धत शिकवायला सुरुवात केली असं मानतात, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन जगभरच्या हर्बेरियमची सूची ठेवतं, इंडेक्स हर्बेरिओरम. तिच्यात ३,००० हून जास्त हर्बेरियम आहेत आणि त्यांच्याकडे मिळून सुमारे ४० कोटी नमुने. त्यातला मोठा भाग अजून कपाटातच आहे, पडद्यावर आलेला नाही. हा मुद्दा पुढे लागेल.

जीबिफकडे स्वतःची एकही शीट नाही. हर्बेरियम आपापल्या नोंदी पाठवतात, जीबिफ त्या एकत्र करून शोधता येतील अशा मांडते. सगळ्यांनी एकाच नावाचे रकाने वापरावेत म्हणून डार्विन कोअर नावाचं प्रमाण आहे, २००९ साली मान्य झालेलं. म्हणजे कोणी 'स्थळ' लिहिलंय, कोणी 'ठिकाण', कोणी 'कुठे सापडलं', असला गोंधळ होत नाही. रकान्यात काय भरलंय ते मात्र पाठवणाऱ्याच्या हातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नव्या माणसाची पहिली चूक सांगते. जातीचं नाव टाकलं, नकाशा उघडला, गच्च ठिपके दिसले, खूश झाला. जीबिफवर नोंदी अब्जांनी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य नोंदी हर्बेरियमच्या नाहीत. पक्षी बघणाऱ्यांच्या याद्या आहेत, मोबाइलवर टिपलेली फुलं आहेत. त्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, पण त्यांच्यामागे हातात धरून बघता येईल असं काही नसतं. डावीकडच्या गाळण्यांमध्ये 'बेसिस ऑफ रेकॉर्ड' (नोंद कशावरून केली) शोधा आणि 'प्रिझर्व्ह्ड स्पेसिमेन' (जपून ठेवलेला नमुना) निवडा. नकाशा एकदम विरळ होईल. मग 'इमेज असलेल्याच नोंदी' निवडा. अजून विरळ होईल. आता जे उरलं त्यावर काम करता येतं.

या गाळण्या मला मनापासून आवडतात. देश, वर्ष, संस्था, संकलक, फील्ड नंबर, आणि सगळ्यांत उपयोगाची म्हणजे 'इश्यूज अँड फ्लॅग्ज'. नोंद आत घेतानाच जीबिफ काही तपासण्या करते आणि शंका आली तर शेरा मारते: अक्षांश-रेखांश शून्य आहेत, ते अदलाबदल झालेले वाटतात, सांगितलेल्या देशात ते पडत नाहीत, तारीख अशक्य आहे. नोंद फेकून देत नाही, शेरा मारून ठेवते. हे शहाणपणाचं आहे, कारण शून्य अंश अक्षांश आणि शून्य अंश रेखांशावर, गिनीच्या आखातात, पडलेल्या नोंदीचं लेबल कित्येकदा उत्तम असतं. रकाना रिकामा ठेवायच्या ऐवजी कोणीतरी शून्य भरलेलं असतं, एवढंच. अशा शून्यांमुळे लोक गमतीनं त्या जागेला 'नल आयलंड', म्हणजे शून्य बेट, म्हणतात; बेट तिथे नाहीच, हवामान मोजायला समुद्रात एक तराफा तेवढा ठेवला होता. जगातल्या किती तळ्याकाठच्या वनस्पती तिथे उगवल्या आहेत!

आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी कोऑर्डिनेटक्लीनर नावाचं पॅकेज आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. ते आणखी बारकाईनं बघतं: ठिपका राजधानीवर आहे का, देशाच्या किंवा प्रांताच्या मध्यबिंदूवर आहे का, समुद्रात आहे का, एखाद्या संग्रहालयाच्या किंवा वनस्पती उद्यानाच्या पत्त्यावर आहे का. जीबिफच्या कोपनहेगनच्या कार्यालयावर पडलेले ठिपके पकडायलाही त्यात एक वेगळी तपासणी आहे. मी हसले होते. मग माझ्याच यादीवर ती चालवली आणि गप्प बसले.

आता खऱ्या विषयाकडे येते. लेबलवरून ठिपका होतो कसा?

जुन्या लेबलवर अक्षांश-रेखांश नसतातच. 'अमुक गावाच्या उत्तरेला ५ मैल, दलदलीत' असं काहीतरी असतं, नाहीतर लॅटिनमध्ये नुसतं 'इन पॅलुडिबस', म्हणजे दलदलींमध्ये. कधीतरी, शंभर वर्षांनी, हर्बेरियममधल्या कोणीतरी हे वाचून नकाशावर जागा शोधायची. याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. पण सरळ रेषेत की वळणाच्या रस्त्यानं? गावाच्या कुठून मोजायचे, चौकातून की वेशीपासून? 'उत्तर' म्हणजे नेमकी उत्तर की उत्तरेकडे कुठेतरी? दिशा साडेबावीस अंशांनी इकडेतिकडे झाली तरी ८ किलोमीटरवर ३ किलोमीटरचा फरक पडतो. आणि तो '५' मोजलेला होता की पाय दुखायला लागल्यावर अंदाजानं लिहिलेला?

२००४ साली विचोरेक, गुओ आणि हायमन्स यांनी यावर सरळ तोडगा मांडला: नुसता बिंदू देऊ नका, बिंदू आणि त्रिज्या द्या. या सगळ्या शंका मिळून वर्तुळ केवढं होतं ते मीटरमध्ये लिहा. डार्विन कोअरमध्ये त्यासाठी रकाना आहे, 'कोऑर्डिनेट अनसर्टन्टी इन मीटर्स'. मला विचाराल तर अक्षांश-रेखांशाहून हा रकाना महत्त्वाचा. तो रिकामा असेल तर त्या ठिपक्याबद्दल मला काहीच कळलेलं नाही. आणि तो फार वेळा रिकामा असतो.

उलट, दशांश चिन्हापुढच्या आकड्यांना भुलू नका. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. दोन दशांश स्थळं म्हणजे सुमारे १.१ किलोमीटरची जागा, सहा स्थळं म्हणजे ११ सेंटिमीटर. १८९० च्या एका शीटच्या नोंदीत मी सहा स्थळं पाहिली आहेत. घोड्यावरून उतरून चिखलात वाकलेल्या त्या माणसाला आपण नक्की कुठल्या विताएवढ्या जागेत उभे आहोत हे कळलं असेल का? झालं एवढंच होतं की अंश आणि मिनिटांचा दशांशात भागाकार करताना यंत्रानं निघाले तेवढे आकडे लिहिले. तीस मिनिटांना साठानं भागलं तर अर्धा येतो, वीस मिनिटांना भागलं की तीन तीन तीन संपतच नाहीत.

जीपीएसच्या काळातल्या नोंदी तरी बिनधोक का? मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम अस्पष्ट ठेवायचं, चूक शंभर मीटरपर्यंत जायची. तळ्याच्या काठावरची वनस्पती शंभर मीटर सरकली की तळ्यात बुडते नाहीतर शेतात जाते. शिवाय जुन्या नकाशांचा डेटम (अक्षांश-रेखांश कुठल्या आधारावर मोजले ते) वेगळा असेल आणि तो लिहिलेला नसेल तर जीबिफ डब्ल्यूजीएस-८४, म्हणजे जीपीएसचा डेटम, गृहीत धरते आणि तसा शेरा मारते. तो शेरा वाचा.

या बाबतीतला माझा सगळ्यांत मोठा मनस्ताप एका हर्बेरियमच्या नोंदींनी दिला. नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत. त्यांनी शेकडो जुन्या नोंदींना एकदम अक्षांश-रेखांश दिले, आणि देताना लेबलवरचं फक्त प्रांताचं नाव उचलून त्या प्रांताचा मध्यबिंदू टाकला. त्रिज्येचा रकाना रिकामा. युट्रिक्युलेरियाच्या ४३ शीट अशा एकाच बिंदूवर. एकावर एक ४३ म्हणजे नकाशावर दिसणार एकच, त्यामुळे संशयही येत नाही. तो बिंदू होता डोंगराच्या माथ्यावर, कोरड्या खडकावर. पाण्यात तरंगणारी वनस्पती तिथे! दोन आठवडे मी त्या माथ्यावर पूर्वी तळं होतं का याचा शोध घेत बसले होते. सुतावरून स्वर्ग कसा गाठावा हे माझ्याकडून शिकावं.

असा एक ठिपका किती महागात पडतो त्याचा हिशेब करून बघा. जातीला धोका किती हे ठरवताना आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांत, इतर अटींबरोबर, 'एक्स्टेंट ऑफ ऑकरन्स' मोजतात: सगळ्यांत बाहेरचे ठिपके जोडून होणाऱ्या बहुभुजाचं क्षेत्रफळ. १०० चौरस किलोमीटरच्या आत असेल तर अतिसंकटग्रस्त, ५,००० च्या आत संकटग्रस्त, २०,००० च्या आत असुरक्षित. समजा एखादी जात ६० बाय ५० किलोमीटरच्या टापूतच आहे. बहुभुज फार तर ३,००० चौरस किलोमीटर, ५,००० च्या आतच. आता ४०० किलोमीटरवर एक चुकीचा ठिपका ठेवा. टापूपासून तिथपर्यंत एक लांब त्रिकोण ताणला जातो आणि क्षेत्रफळात एकदम १२,००० च्या आसपास भर पडते. कागदावर त्या जातीची परिस्थिती एका पायरीनं सुधारली! लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातल्या लोकांनी केलेलं जिओकॅट नावाचं ऑनलाइन साधन आहे, त्यात जीबिफचे ठिपके थेट ओढून घेता येतात आणि एकेक ठिपका काढून-घालून क्षेत्रफळ कसं उड्या मारतं ते बघता येतं. विद्यार्थ्यांना मी हे आधी दाखवते, व्याख्यान नंतर.

जागा बरोबर आणि नाव चुकीचं, हा दुसरा प्रकार. २०१५ साली आफ्रिकेतल्या आफ्रामोमम या आल्याच्या कुळातल्या जीनसच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) ४,५०० नमुन्यांवर एक अभ्यास आला होता. ताजा सविस्तर अभ्यास होण्याआधी त्यातल्या निदान ५८ टक्के नमुन्यांवर चुकीचं, कालबाह्य किंवा अर्धवट नाव होतं. माझ्या वनस्पतींचं याहून फार बरं असेल असं मला वाटत नाही. व्हल्गॅरिस आणि ऑस्ट्रॅलिस फुलाशिवाय खात्रीनं वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि ऑस्ट्रॅलिस कित्येक ठिकाणी फुलायचा कंटाळा करते. त्यात फूल दाबलं की ओठाचा आकार मोडतो. म्हणजे शीटवर हिरवट-तपकिरी धाग्यांचा एक गोळा, आणि खाली कोणाच्या तरी सुंदर अक्षरात 'व्हल्गॅरिस'.

नावं बदलण्याची बाजू मात्र जीबिफ छान सांभाळते, याचं श्रेय द्यायलाच हवं. जुन्या युरोपीय शीटवर 'युट्रिक्युलेरिया नेग्लेक्टा' असेल तर ती ऑस्ट्रॅलिसखाली येते. आशियातल्या जुन्या शीटवरची 'फ्लेक्सुओसा' ऑरियाखाली येते. १९८९ मध्ये पीटर टेलर यांनी या जीनसचा सविस्तर आढावा घेऊन २१४ जाती मान्य केल्या, आणि असंख्य नावं एकमेकांत मिळवून टाकली. ती सगळी जोडाजोड मी हातानं करायची म्हटली असती तर एवढ्यात निवृत्त झाले असते. पण समानार्थी नाव जोडणं वेगळं आणि चुकून दिलेलं नाव पकडणं वेगळं. दुसरं काम कुठलंही यंत्र लेबलच्या मजकुरावरून करू शकत नाही. त्याला शीट बघावी लागते.

म्हणूनच चित्रं. कुठल्याही नोंदीवर टिचकी मारा, शीटचं छायाचित्र असेल तर मोठं करून लेबल वाचता येतं. शिवाय हर्बेरियमनं मूळ काय पाठवलं आणि जीबिफनं त्याचा अर्थ काय लावला, दोन्ही दिसतं. हे दोन शेजारी ठेवून वाचण्यात माझे सर्वांत आनंदाचे तास गेले आहेत. तारखांचंच घ्या. लेबलवर फक्त साल असतं आणि कोणत्या तरी टप्प्यावर त्याची १ जानेवारी होते. थंड प्रदेशात युट्रिक्युलेरिया हिवाळ्यात घट्ट कळीसारखी होऊन तळाशी जाते, आणि नोंदींवर विसंबलं तर गोठलेल्या तळ्यांत नववर्षाच्या दिवशी बहर आलेला. जुने संकलक महिना रोमन आकड्यांत लिहायचे, ३.७ की ७.३ हा घोळ त्यामुळे टळायचा. त्यांच्या त्या सवयीला मी रोज मनातल्या मनात नमस्कार करते.

आणि आता ज्यासाठी मी साडेचार गुण दिले ते. एका शीटवर ठिकाण म्हणून फक्त नदीचं नाव होतं. नदी पाचशे किलोमीटर लांब. नोंदीला अक्षांश-रेखांश नव्हते, बरोबरच होतं. संकलकाचा फील्ड नंबर होता ८१७. मी संकलकाच्या नावानं शोधलं, सगळ्या कुळांतल्या सगळ्या वनस्पती, सगळी हर्बेरियम. मग नंबरानुसार लावलं. ८१४ आणि ८१५, दोन वेगळ्या देशांच्या हर्बेरियममधल्या शीट, आदल्या संध्याकाळच्या, खिंडीखालच्या एका गावातल्या. ८२२ दुसऱ्या दिवशीची, पुलाजवळची. गाव आणि पूल यांच्यात नदीकाठानं एका दिवसाची चाल. माझी वनस्पती त्या चालीतली. पाचशे किलोमीटरची नदी अठरा किलोमीटरवर आली, त्रिज्या नऊ. पुढे त्याच ८१७ ची आणखी एक प्रत तिसऱ्याच हर्बेरियममध्ये मिळाली. तिच्या लेबलवर नदीच्या नावापुढे 'फेरीच्या धक्क्याजवळ' एवढे शब्द जास्त होते. एकाच झुडपाचे तुकडे करून वेगवेगळ्या संग्रहांना पाठवायची रीत जुनी आहे, आणि लेबल नकलताना कोण किती शब्द गाळेल ते त्याच्या कंटाळ्यावर. जीबिफ आता अशा प्रती एकमेकींशी जोडून दाखवायचा प्रयत्न करते. नेहमी जमत नाही, पण जमतं तेव्हा अंगावर काटा येतो.

एक सावधगिरी: काही संकलक घरी आल्यावर, कुळानुसार गठ्ठे लावून, मग नंबर टाकायचे. त्यांच्या नंबरांवरून प्रवास काढायला गेलात तर ते एका दिवसात तीन पर्वत ओलांडतात. आणि एकाच माणसाचं नाव सात प्रकारे लिहिलेलं असतं, आद्याक्षरं पुढे, मागे, एक गाळून. त्यासाठी बायोनोमिया नावाची वेगळी सेवा आहे, ती माणसाला त्याच्या नमुन्यांशी जोडते, जिवंत असेल तर ऑर्किड (ओआरसीआयडी, फूल नव्हे) या संशोधकांच्या ओळख क्रमांकानं आणि नसेल तर विकिडेटा या खुल्या माहितीकोशातल्या नोंदीनं. फार गोड काम आहे. तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

शीटकडे परत गेल्यावर प्रसिद्ध नकाशेही हलतात. निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टचं १८०७ चं ते चित्र, दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वताच्या उभ्या छेदावर उंचीनुसार वनस्पतींची नावं, अनेकांनी पाहिलं असेल. २०१९ साली काही संशोधकांनी त्यातली माहिती मूळ संकलनाशी ताडून पाहिली. चिंबोराझोच्या म्हणून दाखवलेल्या उंचावरच्या बऱ्याच वनस्पती खरं तर अँटिसाना या दुसऱ्याच ज्वालामुखीवर गोळा केलेल्या निघाल्या. दोनशे वर्षं तो छेद पाठ्यपुस्तकांतून फिरत होता.

रिकाम्या जागांबद्दल थोडक्यात. नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ तिथे वनस्पती नाही असा लावू नका. कोणी गेलं नसेल, गेलं असेल तर शीट अजून कपाटात असेल, किंवा जळून गेली असेल. बर्लिनच्या हर्बेरियमचा फार मोठा भाग १ मार्च १९४३ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात गेला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यू इंग्लंडच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की नमुने रस्त्यांच्या आणि हर्बेरियमच्या आजूबाजूला दाटलेले असतात आणि मोजक्याच अफाट उत्साही संकलकांनी त्यातला मोठा वाटा उचललेला असतो. माझ्या नकाशावरही ऑस्ट्रॅलिसला डांबरी रस्ता फार आवडतो.

काही ठिपके मुद्दाम अस्पष्ट केलेले असतात, दुर्मीळ जाती उपटून विकणाऱ्यांपासून लपवायला. कीटकभक्षी वनस्पतींना ही भीती नेहमीचीच. अशा वेळी अक्षांश-रेखांश मोठ्या चौकटीवर नेऊन ठेवलेले असतात आणि 'डेटा जनरलायझेशन्स' रकान्यात तसं लिहिलेलं असतं. संशोधनासाठी नेमकी जागा हवी असेल तर हर्बेरियमला लिहा. मला दोनदा मिळाली, एकदा नाही मिळाली. नाही म्हणणाऱ्यांचं मला पटलं.

उतरवून घेण्याबद्दल. प्रत्येक डाउनलोडला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, तो लेखात दिला की कुठल्या संग्रहांच्या नोंदी वापरल्या ते आपोआप नोंदलं जातं. हर्बेरियम सांभाळणाऱ्यांना पुढच्या वर्षी निधी मागताना हाच पुरावा लागतो, तेव्हा आळस करू नका. साध्या फाइलचं नाव सीएसव्ही असतं पण आत स्वल्पविरामाऐवजी टॅब असतात. मी पहिल्यांदा ती सरळ डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, जर्मन गावांच्या नावांचं भजं केलं, काही नंबरांच्या तारखा करून टाकल्या आणि वर सेव्ह केलं. चूक सर्वस्वी माझी. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश, हे कागदावर लिहून समोर लावा. मी उलटं केलं तेव्हा मध्य युरोपातली तळी आफ्रिकेच्या शिंगावर आणि एडनच्या आखातात जाऊन पडली. मनापासून काम करणार असाल तर साधी फाइल न घेता डार्विन कोअर अर्काइव्ह घ्या. जड असते, पण तिच्यात मूळ मजकूर वेगळ्या फाइलमध्ये जसाच्या तसा असतो.

गुण दोन का, तर ज्या माणसाला हे काहीच ठाऊक नाही त्याच्यासमोर पहिल्या पानावरचा नकाशा फार ठाम दिसतो. नऊ मीटरच्या खात्रीचा ठिपका आणि नव्वद किलोमीटरच्या शंकेचा ठिपका दोन्ही एकाच आकाराचे. त्रिज्येइतकं फिकट वर्तुळ काढायची सोय तिथेच मिळाली असती तर माझी निम्मी भांडणं वाचली असती. क्यूजीआयएसमध्ये मी ते स्वतः काढते. त्रिज्या रिकामी असेल तर ठिपका पोकळ ठेवते.

मैत्रिणीचा तो एकुलता एक ठिपका पोकळ निघाला. आम्ही चहूबाजूंनी उलटून पाहिला. शीटचं चित्र होतं: फुगे, धागे, फूल एकही नाही. लेबलवर प्रांताचं नाव आणि साल, बाकी काही नाही. कोपऱ्यात नंतरच्या कोणीतरी पेन्सिलीनं 'युट्रिक्युलेरिया स्पी.' (म्हणजे जात ठरलेली नाही) लिहून प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते नोंदीत उतरलेलं नव्हतं. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कळीबिळी असेल गोळ्यात कुठेतरी. शीट मागवून भिंगाखाली बघू."

नोंदीच्या पानावरूनच अभिप्राय पाठवता येतो, तो पाठवला. सात महिन्यांनी हर्बेरियममधून उत्तर आलं, अगदी सभ्य. शीट १९९८ पासून दुसऱ्या एका संस्थेकडे उसनी गेलेली आहे, परत आली की कळवतो.